डावं पायडल

ऐरोलीत खाडीकडे तोंड असलेलं घर घेतलं तेव्हा गॅलरीतून फ्लेमिंगो दिसतील एवढंच डोक्यात होतं. दिसतात, नाही असं नाही. पण पाहुणेच ते, पावसाच्या आधी जातात. गंज मात्र बारमाही. खिडकीचं ग्रिल, गच्चीच्या दाराची कडी, कपड्यांच्या दोरीचे हुक, खारा वारा कशालाच सोडत नाही.

भाचीला सायकल हवी होती आणि लेकाची जुनी सायकल चार पावसाळे पार्किंगच्या कोपऱ्यात उभी होती. डावं पायडल फुटलेलं, बाकी ठणठणीत. परवा दुपारी पंधरा नंबरचा पाना घेऊन खाली निघाले, तर नवरा म्हणाला, "कशाला झटतेस, नवीन घेऊन टाकू." या वाक्याने माझं डोकंच फिरतं. फिटरची मुलगी आहे मी.

बाबा वागळे इस्टेटमध्ये होते. राज्यातली एमआयडीसी १९६२ साली जिथून सुरू झाली, तिथल्याच एका लहानशा वर्कशॉपात. सुट्टीच्या दिवशी चाळीच्या गॅलरीत जुना पेपर पसरून बसायचे आणि शेजारपाजारचं जे काही अडकलेलं, जाम झालेलं असेल ते त्यांच्यापुढे येऊन पडायचं. आई स्टोव्हसाठी रेशनचं निळं रॉकेल मोजून वापरायची. त्यातलंच वाटीभर बाबा पळवायचे. वाटीही लोणच्याची. गंजके नट-बोल्ट तिच्यात बुडवून मोरीच्या कट्ट्यावर ठेवायचे. "रात्रभर पिऊ दे त्याला." सकाळी तळाशी विटकरी गाळ, वर निळसर रॉकेल, आणि बाबा टूथब्रशने एकेक आटा घासतायत. ब्रश कोणाचा, हे ज्याचं त्याला दात घासायच्या वेळी कळायचं.

जोर लावलेला त्यांना अजिबात खपायचा नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो, म्हणून तर आट्यांत पाचरीसारखा बसतो. (आमच्या बाथरूमच्या स्लॅबमधल्या सळया अशाच फुगल्या आणि प्लास्टरचा पोपडा बादलीत पडला. मी बादलीपासून दोन फुटांवर होते. असो.) आधी हळू ठोकायचं, मग तेल पाजायचं, मग पाना लावून आधी किंचित आवळायचं आणि नंतर सोडायचं. "आधी आवळ, मग सोड." गंजाची पकड म्हणे त्या पहिल्या झटक्याने मोडते.

रॉकेल आता कुठलं मिळायला! शेजाऱ्यांकडून डब्ल्यूडी-४०चा निळा-पिवळा डबा आणला. हे १९५३ साली अमेरिकेत निघालं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर पाणी ठरू नये म्हणून. पाणी हटवायचं मिश्रण चाळिसाव्या खेपेला जमलं, म्हणून नावात चाळीस. बाबांनी किंमत विचारून डबा परत ठेवला असता. मी फुर्र फुर्र दोनदा मारलं, अर्धा तास थांबले, हातोडीने टकटक केलं. पाना लावला. आधी आवळलं. 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि काहीतरी हललं. पायडल जास्त आवळलं जाईल या भीतीने मी लगेच थांबले आणि दिशा बदलून सोडायला लागले. मग ते तसूभर हलेना. पाऊण तास. पान्यावर चप्पल घालून उभीसुद्धा राहिले.

वॉचमन काका खुर्चीतून सगळं बघत होते. रोज दिघ्याहून सायकलने येतात. शेवटी त्यांना राहवेना.

"ताई, डावीकडचे आटे उलटे असतात ना."

असतातच. चालवता चालवता पायडल सुटून येऊ नये म्हणून डाव्या बाजूला उलटे आटे पाडतात. म्हणजे मी आवळत होते तेव्हा ते सुटत होतं, आणि सोडत होते तेव्हा आणखी आवळत होतं. फिटरची मुलगी!

काकांनी उलट फिरवलं. दोन हिसक्यांत आलं. हाताला तो लोखंडाचा ओलसर, रक्तासारखा वास राहिला होता. संध्याकाळी बाबा घरी आले की यायचा तोच. डाव्या आट्यांचं त्यांनी मला सांगितलं होतं का, हे काही केल्या आठवेना. सांगितलंच असेल.

तर पायडल जोडीनेच मिळतं, दुकानदार एक देत नाही. म्हणजे उजवंही काढायला हवं. त्यावर एक फवारा मारला, पाना पिशवीत टाकला आणि चहा टाकायला वर गेले. पिऊ दे रात्रभर.