अठरा एप्रिलचा मेळावा

१८ एप्रिल १९२५ रोजी पॅरिसमध्ये हौशी रेडिओचालकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जगभरचे हॅम, म्हणजे छंद म्हणून रेडिओसंचावरून एकमेकांशी संपर्क साधणारे हे हौशी, तो दिवस साजरा करतात आणि आमच्या मंडळाचा मेळावाही त्याच सुमारास भरायचा. पहिलं काम अँटेनाचं. दोरीला वजन बांधून ती उंच फांदीवरून फेकायची आणि डायपोल, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ताणलेल्या तारेचा अँटेना, वर ओढायचा. वीस मीटर लांबीच्या लहरींच्या बँडसाठी दोन्ही अंगांना जेमतेम पाच-पाच मीटर तार. अँटेना संचाशी किती जुळला ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरचा काटा खाली येईपर्यंत टोकं बोटबोटभर छाटत राहायची, आणि भोवतीचा प्रत्येकजण सल्ला देणार!

मग सगळे काकांभोवती जमायचे. दोनशे मीटरची गोष्ट त्यांनी दरवर्षी सांगावी आणि आम्ही ती दरवर्षी ऐकावी. १९१२ च्या कायद्याने अमेरिकेतल्या हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं. या लहरी लांब जात नाहीत, असं तेव्हा जाणकारही मानत. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली रिसीव्हर घेऊन स्कॉटलंडला गेला, अर्ड्रोसनच्या किनाऱ्यावर तंबूत बसला आणि अटलांटिकपलीकडची हौशी केंद्रं त्याने ऐकली. दोनच वर्षांनी फ्रान्सचा लिऑन देलॉय आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल यांचा सुमारे ११० मीटरवर दुतर्फा संपर्क झाला. आखूड लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परततात आणि समुद्र ओलांडतात, हे हौशी माणसांनी करून दाखवलं. इथे काकांचा आवाज हमखास चढायचा, आणि तो चढायलाच हवा होता.

मला सर्वांत आवडायची ती पडद्याआडची स्पर्धा. पडद्यामागे कुणीतरी मोर्सची, म्हणजे टिंब-डॅशच्या सांकेतिक लिपीची, की (कळ) वाजवायचं आणि हात कुणाचा ते ओळखायचं. कुणी डॅश किंचित लांबवणारा, कुणी दोन अक्षरांत श्वास घेतल्यासारखा थांबणारा. वर्षभर फक्त कॉलसाइनने, म्हणजे परवान्यावरच्या ओळखचिन्हाने, माहीत असलेली माणसं अशी भेटायची.

एका वर्षी काकांनी नुसतं चार टिंबं, दोन टिंबं वाजवलं. डिसेंबर १९६१ मध्ये सोडलेला हौशींचा पहिला उपग्रह, ऑस्कर-१, मोर्समधलं हेच H-I, म्हणजे ‘हाय’, पाठवत होता.

२००३ नंतर परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उरली नाही. आता एफटी८ या संगणकी संदेशपद्धतीत कानांना न जाणवणारे क्षीण संकेतही संगणक वाचतो, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. तरी मेळाव्यात कीचं टेबल मांडायचंच, असा माझा आग्रह असतो. नवी मुलं तिथेच सर्वांत जास्त रेंगाळतात.