पुतणीचा डब्ल्यू-२ आणि दादाची काळजी

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री दादाचा फोन आला, म्हणाला पोरीचा पगार कापलाय बहुतेक, तू जरा येऊन जा. तो शाहूपुरीत राहतो, मी पोवई नाक्याजवळ, गाडी काढली आणि गेलो. वहिनींनी दार उघडलं तोच चेहरा उतरलेला. टेबलावर अमेरिकेत नोकरीला असलेल्या पुतणीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या डब्ल्यू-२ ची, म्हणजे तिथल्या वर्षाच्या पगाराच्या कागदाची प्रिंट होती, शेजारी तिचं ऑफर लेटर. ऑफर लेटरवर वर्षाला ९०,००० डॉलर, आणि डब्ल्यू-२ च्या बॉक्स १ मध्ये ७८,६००. दादाने प्रिंटच्या मागे पेन्सिलीने वजाबाकी केली होती, ११,४००, आणि त्या आकड्याभोवती दोनदा गोल काढला होता.

वर साताऱ्यात फ्लॅट घ्यायचा म्हणून होमलोनचं चाललेलं, मुख्य अर्जदार ती आणि जोडीला दादा, आणि बँकेतल्या माणसाने हाच ७८,६०० उत्पन्न म्हणून लिहून घेतलेला. त्यामुळे लोन कमी बसत होतं, म्हणून घरात जास्तच टेन्शन.

डब्ल्यू-२ म्हणजे आपल्या फॉर्म १६ सारखा कागद, अमेरिकेत कंपनीने तो ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. पण आपला फॉर्म १६ बघायची सवय असली की हा कागद फसवतो, कारण मांडणीच उलटी आहे. आपल्याकडे आधी पूर्ण पगार दिसतो, त्यात तुमचा पीएफ पण आला, आणि मग खाली ८०सी मध्ये तो वजा होतो (जुन्या रेजीमला). अमेरिकेत ४०१(के) ला, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्तीच्या बचत खात्याला, पगारातून जे पैसे जातात ते बॉक्स १ चा आकडा लिहायच्या आधीच वजा झालेले असतात. मी साताऱ्यात बावीस वर्षं रिटर्न भरतोय, तरी पहिल्यांदा हा कागद हातात आला तेव्हा माझ्याही मनात आलं होतं की ४०१(के) रिटर्नमध्ये परत वजा करायचा असेल. तसं केलं असतं तर एकच रक्कम दोनदा वजा झाली असती. मग रात्रभर बसून बॉक्स बॉक्स वाचून काढला तेव्हा कळलं.

तर पुतणीला व्हिडिओ कॉल लावला, तिकडं न्यू जर्सीत सकाळचे दहा. म्हणलं, बाळा, ४०१(के) किती टक्के ठेवलाय? म्हणाली, काका, दहा टक्के, आणि हेल्थ इन्शुरन्सचे महिन्याला २०० कटतात. झालं, हिशोब तिथंच बसला. ९,००० आणि २,४०० मिळून ११,४००. दादाच्या पेन्सिलीच्या गोलातला आकडा.

दादाने प्रिंट जवळ ओढली आणि विचारलं, मग बॉक्स ३ आणि ५ मध्ये ८७,६०० का? एका माणसाला एकाच वर्षात दोन पगार कसे? खरा प्रश्न हाच होता. बॉक्स १ हा इन्कम टॅक्ससाठीचा पगार, तो रिटर्नला जातो. बॉक्स ३ सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचा, आणि बॉक्स ५ मेडिकेअरचा, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्य विम्याचा. कंपनीच्या प्लॅनमधून पगारातून आधीच कापला जाणारा इन्शुरन्सचा हप्ता तिन्ही आकड्यांतून निघतो, पण ४०१(के) फक्त बॉक्स १ मधून निघतो. इन्कम टॅक्स पुढं ढकलायला मिळतो, सोशल सिक्युरिटीचा भाग आत्ताच द्यायचा. १९८३ च्या कायद्यापासून हे असंच आहे, आणि मला ते योग्यच वाटतं, कारण पुढची सरकारी पेन्शन या बॉक्स ३ वरूनच ठरते, माणूस बचत करतो म्हणून त्याची पेन्शन कमी व्हायला नको. तिचे त्या वर्षी ६.२ टक्क्यांनी ५,४३१ डॉलर सोशल सिक्युरिटीला गेले आणि १.४५ टक्क्यांनी १,२७० मेडिकेअरला. बॉक्स ३ ला वरची मर्यादा असते, २०२४ ला १,६८,६०० होती, मेडिकेअरला मर्यादाच नाही.

वहिनी मधेच म्हणाल्या, मग ते नऊ हजार आहेत कुठं? मी बॉक्स १२ वर बोट ठेवलं. तिथं डी अक्षर आणि पुढं ९,०००. ते तिचेच पैसे, तिच्याच नावावर. कंपनी वर चार टक्के, म्हणजे ३,६०० घालते, ते त्या डी च्या आकड्यात धरत नाहीत, ४०१(के) च्या स्टेटमेंटला बघायचे. आणि तिचा २२ टक्क्यांचा स्लॅब, म्हणजे त्या नऊ हजारांवर १,९८० डॉलर टॅक्स त्या वर्षापुरता वाचला. हे ऐकल्यावर वहिनी उठून चहा टाकायला गेल्या, तेव्हा मला बरं वाटलं.

तिने रॉथ ४०१(के) निवडला असता तर बॉक्स १ सुद्धा ८७,६०० आला असता आणि बॉक्स १२ मध्ये डी च्या जागी एए. रॉथमध्ये टॅक्स आत्ता भरायचा आणि नियम पाळून म्हातारपणी काढले तर तेव्हा टॅक्स नाही. ती आता अर्धं अर्धं करायचं म्हणतीय, ते मी तिच्यावर सोडलंय.

बँकेसाठी तिला सांगितलं की डिसेंबरची शेवटची पगार स्लिप पाठव, तिच्यावर वर्षभराचा एकूण पगार ९०,००० दिसतो, आणि डब्ल्यू-२ च्या बॉक्स १२ वर खूण करून दोन्ही एकत्र दे. सोमवारी दादा मोती चौकातनं कंदी पेढे घेऊन बँकेत गेला (मी नको म्हणत होतो), तिथल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि आकडा बदलून घेतला.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. पोरगी आधी स्टुडंट व्हिसावर ओपीटीला (शिक्षणाला जोडून नोकरी करायची परवानगी) होती तेव्हा तिचे बॉक्स ३ आणि ५ रिकामेच असायचे, एच-१बी हा नोकरीचा व्हिसा झाल्यावर कपात सुरू झाली. सोशल सिक्युरिटीची पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त ४, म्हणजे दहा वर्षं. भारत आणि अमेरिकेत या बाबतीत करार नाही, त्यामुळे दहाच्या आत परत आली तर इथली वर्षं त्यात जोडून मिळणार नाहीत. दादाला हे त्या रात्री नाही सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून त्याने एक निळी फाइल केलीय, तिचा दरवर्षीचा डब्ल्यू-२ त्यात लावतो, आणि पुतणी सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर लॉगिन करून त्या वर्षाचा पगार वाचून दाखवते तेव्हा तो बॉक्स ३ वर बोट ठेवून जुळवून घेतो.