मध पातळ व्हायची वाट बघताना

गोठलेला मध म्हणजे साखरेचा, हे कुणी पसरवलंय देव जाणे. आमच्या औसा तालुक्यात खरिपाचं सूर्यफूल असतं तिथं आम्ही मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. सूर्यफुलाचा मध गोठणार म्हणजे गोठणारच, त्यात ग्लुकोज जास्त असतं. दिवाळीत धार धरणारा मध डिसेंबरच्या थंडीत तुपासारखा घट्ट झाला आणि लातूरच्या एका दुकानदारानं भरलेल्या बाटल्या परत पाठवल्या. "वहिनी, गिऱ्हाईक साखर म्हणतंय. संक्रांतीच्या आत पातळ करून द्या." तांदळाचं सिरप मिसळलेला मध खुशाल वर्षभर पातळ राहू शकतो, पण हे त्याला समजावणार कोण?

मध काढणं, गाळणं, फूड लायसन्स, लेबल, यात काही अडलं नव्हतं. अडलं ते इथं.

आधी आत्याबाई. "मधाला जाळ दावू नये, विख होतंय." आयुर्वेदात तापवलेला मध वर्ज्य आहे, त्यामुळं त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, जाळ दावत नाही, कोमट पाण्यात बसवते. पोळ्यात पिलावा, म्हणजे माश्यांची पिल्लं, असतो तिथं माश्या स्वतःच ३५ अंशांच्या आसपास ऊब राखतात, आणि मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त होतं. पटलं नाही त्यांना. पण थर्मामीटरवर राखण करायला त्याच बसल्या आणि पाणी ४५ च्या वर गेलं की हाक मारायच्या. जास्त उष्णतेनं मधाचा रंग काळपट होतो, वास जातो आणि एचएमएफ नावाचा घटक वाढतो. सरकारी नियमात त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे.

आता खरा वैताग. मोठ्या हंड्यात तळाला फडक्याची घडी, तिच्यावर मधाचा कॅन, भोवती पाणी, खाली गॅस अगदी बारीक. तासाभरात कडेचा मध सुटला आणि मला वाटलं, झालंच. मध्ये काठी घातली तर दगड! मधातून उष्णता फार हळू आत जाते. कडेचा मध पातळ होऊन फिरत राहतो आणि मधला गोळा ढिम्म हलत नाही. दुपार गेली, पाणी निवलं, परत तापवलं. यांनी दोनदा विचारलं, "गॅस जरा मोठा केला तर?" तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही त्यांची. रात्री पाहिलं तर गोळा नारळाएवढा उरला होता, आणि तेवढ्यात जीव असा कावला की सगळं तसंच भरून टाकावं वाटलं. पण बारीकसा कण जरी राहिला तरी त्याच्याभोवती मध पुन्हा गोठायला लागतो, मग बाटल्या परत येणार त्या येणारच. म्हणून वरवर पारदर्शक दिसला तरी थांबू नका. वाटीत घेऊन मागून बॅटरी धरा; धुरकट दिसला तर अजून वेळ आहे.

दुसऱ्या दिवशी मी कॅनचा नाद सोडला. उरलेल्या कॅनमधला मध उलथन्यानं खणून स्टीलच्या छोट्या डब्यांत भरला आणि डबे बंद पडलेल्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवले. खाली साठ वॅटचा पिवळा बल्ब, शेजारी थर्मामीटर. एलईडी चालत नाही, तो तेवढा तापत नाही. मधे लाईट गेली, पण फ्रिजचं दार बंद असल्यानं ऊब टिकली. बल्ब लावला की डबे त्याच्यापासून लांब ठेवायचे आणि अधूनमधून जागा बदलायच्या. हंड्यापेक्षा वेळ जास्त लागला, पण शेजारी बसून राहावं लागलं नाही, हेच मोठं.

झाकण घट्ट हवं, हे आधी सांगायला हवं होतं. मध हवेतला ओलावा ओढतो, आणि हंड्याची वाफ आत गेली तर बघायलाच नको. ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की मध आंबायची भीती. बाटल्याही धुवून उन्हात खडखडीत वाळवा, थेंब राहू देऊ नका.

पातळ झालेला मध तोटी असलेल्या कोठीत रात्रभर मुरू द्यायचा. फेस वर येतो, तो चमच्यानं काढायचा आणि खालच्या तोटीतून थोडा कोमट असतानाच भरायचा. पाण्याच्या लिटरच्या बाटलीत साधारण १.४ किलो मध मावतो, त्यामुळं बाटल्या घेताना मिलिलिटर आणि ग्रॅम यांचा घोळ करू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, हे मी लेबलवरच छापून घेतलंय. सुईण काहीही सांगो.

दुकानदारानं या वेळी बाटल्या उन्हाकडं धरून बघितल्या आणि घेतल्या. पैसे मात्र संक्रांतीनंतर म्हणाला.

मागच्या खोलीत अजून कॅन आहेत. त्यांना मी आता हात लावणार नाही. एप्रिल लागला की पत्र्याखाली ते आपोआप सुटतील, फक्त थेट ऊन लागू द्यायचं नाही. तोवर ज्याला हवा त्यानं घट्ट मध न्यावा. रुंद तोंडाच्या बरणीत भरून देते, भाकरीवर लावायला तोच बरा पडतो.