आमची वाटचाल : छपरीतल्या मोटरी

वणी-वरोरा मार्गापासून थोडे आत असलेल्या आमच्या गावात, राहत्या घराच्या छपरीत, २००४ सालच्या दसऱ्यापासून आम्ही गाड्यांच्या पॉवर विंडोच्या, म्हणजे बटणाने काच वर-खाली करणाऱ्या, मोटरी दुरुस्त करतो. त्याआधी याच छपरीत बाबांचे वाइंडिंगचे, म्हणजे मोटरीत तांब्याची तार गुंडाळायचे, काम चाले. शेतीपंपांच्या मोटरी ते भरून देत, शिवाय ट्रॅक्टरचे सेल्फ आणि डायनामोही. भारनियमनाच्या दिवसांत कमी दाबाने पंप जळत आणि छपरीत पाय ठेवायला जागा उरत नसे. आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा तारांचा गाभा, तपासायचा त्यांचा ग्राउलर हा विद्युतचुंबक आणि त्या गाभ्याच्या टोकावरच्या कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका खरवडण्यासाठी हॅकसॉचे पाते घासून केलेली सुरी मी अजून वापरतो. ग्राउलरवर आर्मेचर ठेवून फिरवताना वर धरलेले हॅकसॉचे पाते ज्या खाचेवर थरथरते तिथे वाइंडिंग शॉर्ट आहे, हे मला वयाच्या बाराव्या वर्षी कळत होते.

धंद्याची सुरुवात माझ्या मावसभावामुळे झाली. तो नागपूरला एका गॅरेजात कामाला होता आणि तिथे बदलून टाकलेल्या सतरा मोटरी त्याने भंगाराच्या भावाने उचलून पोत्यात भरून आणल्या. आम्ही दोघांनी चार रात्री बसून त्या सगळ्या उघडल्या. त्यांपैकी अकरा मोटरी नुसती साफसफाई, नवे कार्बन (कम्युटेटरला घासत आर्मेचरला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) आणि नवे ग्रीस एवढ्यावर चालल्या. दोघींचे चुंबक डिंक सुटून आर्मेचरला चिकटले होते, ते पुन्हा बसवले. उरलेल्या चारच खऱ्या अर्थाने जळालेल्या होत्या. १९९८ च्या अखेरीस इंडिका आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली, त्यानंतर आमच्या भागात बटणाने काच चढवणाऱ्या गाड्या दिसू लागल्या होत्या आणि मोटर बंद पडली की नवी घालायची, एवढेच लोकांना ठाऊक होते. मावसभाऊ २००९ मध्ये पुण्याला गेला. त्याच्या वाट्याचा पैसा न पैसा मी त्याला पोचता केला, पण पोत्याची कल्पना त्याची होती, हे इथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमच्या कामात मोटर उघडण्याआधीची एक मिनिटाची गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. मोटरीचा गोल डबा आणि गिअरची पेटी यांच्या सांध्यावर मी सेंटर पंचने समोरासमोर दोन ठिपके मारतो. डबा पुन्हा बसवताना अर्धा फेरा फिरून बसला तर चुंबकाचे ध्रुव उलटतात आणि बटण वर दाबले असता काच खाली जाते. ही चूक पहिल्या महिन्यातच माझ्याकडून झाली होती आणि त्यानंतर ठिपक्यांशिवाय मी एकही मोटर उघडलेली नाही. उघडल्यावर आर्मेचर हळूच ओढायचे, कार्बन त्यांच्या घरांतून काढून व्हर्नियरने मोजायचे, कम्युटेटर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत उजळायचा आणि पट्ट्यांमधली खाच त्या सुरीने मोकळी करायची. गिअरच्या पेटीत बहुधा जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, उभ्या गाडीचे दार आतून त्याहूनही तापते आणि वर कोळशाच्या वाहतुकीची काळी धूळ बसते. ते सगळे खरवडून प्लॅस्टिकला न खाणारे पांढरे लिथियम ग्रीस भरायचे, नायलॉनच्या चाकातला रबरी डॅम्पर दाबून पाहायचा, आणि मगच बारा व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावून मोटर दोन्ही दिशांना फिरवायची.

आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक म्हणजे गुरांचे डॉक्टर. त्यांच्या पांढऱ्या गाडीचे ड्रायव्हरकडचे दार मी आजवर पाच वेळा उघडले आहे, आणि यात गाडीचा काही दोष नाही. डॉक्टरसाहेब रस्त्याने निघाले की दर धुऱ्यावर कोणी ना कोणी हात करतो, साहेब काच खाली करून गाईच्या कासेची किंवा बैलाच्या खुराची हकीकत ऐकून घेतात आणि धुळीमुळे लगेच काच वर घेतात. इतरांच्या मोटरीला जे काम दोन वर्षांत पडते ते त्यांच्या मोटरीला चार महिन्यांत पडते. एका मे महिन्यात ते रागावून आले, कारण भर दुपारी काच अर्ध्यावर थांबली होती. आमच्या दारात येईपर्यंत ती आपोआप चालू झाली. मोटरीच्या आत तापमानावर तुटणारे संरक्षण असते, लागोपाठ वापराने तापले की ते मोटर बंद करते आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडते. मी त्यांना तसे सांगून काही न घेता परत पाठवले. तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या कोणाकडे दार उघडू दिले नाही.

मधली बरीच वर्षे चांगली गेली. मग २०१६ आले.

त्या उन्हाळ्यात मी शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून कार्बनच्या दोनशे जोड्या एकदम घेतल्या. भाव कमी होता आणि माप बरोबर होते. पोळ्यापर्यंत ४७ मोटरींमध्ये ते कार्बन बसले आणि दिवाळीच्या सुमारास मोटरी परत येऊ लागल्या. काच रेंगाळत चढे, मोटर हाताला चटका देई, कार्बनची स्प्रिंग तापून मऊ पडलेली असे. मी आधी ग्रीसला दोष दिला, मग वायरिंगला. शेवटी एका रात्री जुना कार्बन आणि त्या खोक्यातला कार्बन शेजारी ठेवून दोन्ही कानसीने घासले. जुन्याचा घासलेला भाग तांबूस चमकला, नव्याचा कोळशासारखा काळाच राहिला. बारा व्होल्टच्या मोटरीत प्रवाह मोठा असतो, म्हणून तिच्या कार्बनमध्ये तांब्याची भुकटी मिसळलेली लागते. मला मिळालेले कार्बन हँड ड्रिलच्या जातीचे होते. व्यापाऱ्याने माल परत घेतला नाही, उलट तुम्हाला बसवता आले नाही असे सांगितले. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात रोख पैसाच राहिला नाही. तरीही त्या ४७ पैकी ज्या ४१ मोटरींचा पत्ता लागला त्या सगळ्या मी विनामूल्य पुन्हा केल्या, त्यांपैकी सात जणांना तर नवी मोटर घालून दिली आणि त्यासाठी सौ.ची पोत गहाण पडली. तिने ती स्वतः काढून दिली. त्या चार महिन्यांत छपरीत आलेली नवी कामे बोटांवर मोजण्याइतकी होती. डॉक्टरसाहेबांनी मात्र याच काळात मागच्या दोन्ही दारांच्या मोटरी काम नसताना सर्व्हिसिंगला दिल्या, आणि का दिल्या ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

याच वेळी फाट्यावर एक नवे दुकान उघडले होते. छपरीत उघडलेली मोटर दारातच पेट घेते, आम्ही फक्त कंपनीची सीलबंद मोटर घालतो, असे तिथे प्रत्येकाला सांगितले जाई. आठवडी बाजारात मला लोक खरे काय ते विचारत आणि माझ्याकडे ४१ परत आलेल्या मोटरी असताना मी काय उत्तर देणार होतो? पुढच्या वर्षी पावसाळ्यात शेजारच्या गावचे एक काकाजी त्याच दुकानात बसवलेली 'नवी' मोटर घेऊन आले. दोन हजार आठशे रुपये देऊनही ती दोन महिन्यांत बंद पडली होती. डब्याला काळा रंग ताजा मारलेला होता. सांध्याजवळचा रंग मी पेचकसाने खरवडला तेव्हा खाली समोरासमोर दोन ठिपके निघाले. पंचाचे टोक एका बाजूने तुटलेले असल्याने माझा ठिपका गोल उमटत नाही, चंद्रकोरीसारखा उमटतो. आणि हे दोन्ही ठिपके तसेच होते. ती माझ्याच छपरीतून गेलेली मोटर होती. काकाजींनी स्वतः पाहिले, मान हलवली, पण चारचौघांत सांगायला ते तयार झाले नाहीत, कारण त्या दुकानदाराशी त्यांची सोयरीक होती. ते दुकान २०२१ मध्ये बंद झाले. आमच्यावरचा आरोप खोटा होता असे मात्र त्यानंतरही कोणी उघडपणे बोलले नाही.

घरी हे काम करू पाहणाऱ्यांना दोन शब्द सांगतो. काच हलत नसेल तर रात्री आतला दिवा लावून बटण दाबा. दिवा मंद झाला तर प्रवाह मोटरीपर्यंत पोहोचतो आहे आणि अडचण मोटरीत किंवा काच उचलणाऱ्या मशीनमध्ये आहे. मंद झाला नाही तर आधी फ्यूज, बटण आणि दार व खांब यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी तपासा, कारण दार उघड-बंद होऊन त्या तिथेच तुटतात. बटण दाबून ठेवून दाराच्या पॅडवर बुक्की मारल्यावर काच चालत असेल तर कार्बन संपले आहेत. कैचीसारखे हात असलेल्या मशीनची मोटर काढण्याआधी काच वर टेपने बांधा आणि दातेरी पट्टी बोल्टने अडकवून ठेवा. तिची स्प्रिंग सुटली तर बोट जाते. काचेच्या रबराला तेल लावू नका, ते फुगते. सिलिकॉन स्प्रे वापरा.

मागच्या आठवड्यात मारेगावकडचे एक तरुण गिऱ्हाईक आले आणि त्यांनी बसण्याआधीच विचारले, "भाऊ, तुम्ही जुनीच मोटर रंगवून देता म्हणतात, खरं आहे का?" मी त्यांना स्टूल दिले, त्यांच्यासमोर ठिपके मारले, मोटर उघडली, जुने कार्बन व्हर्नियरने मोजून आकडा त्यांनाच वाचायला लावला आणि नवा कार्बन कानसीवर एकदा घासून त्याची तांबूस कड उन्हात धरून दाखवली. ते दीड तास बसले. जाताना त्यांनी जुने कार्बन कागदात बांधून मागितले, आणि मी ते दिले.