आरडी ३५० घरी बांधताना: आधी क्रँक आणि सील, बोअर-पिस्टन नंतर

जुनी आरडी ३५० मोटरसायकल हाती आली की बहुतेक लोक आधी बोअरिंगवाल्याकडे, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करणाऱ्याकडे, धावतात. ब्लॉक बोअर होतो, नवे पिस्टन बसतात, सायलेन्सरला निकेल चढतं आणि गाडी सुरू होते. मग हजार-दोन हजार किलोमीटरांत एका बाजूचा पिस्टन पकडतो (जाम होतो) आणि दोष पिस्टनच्या माथी जातो. खरा दोष जवळजवळ नेहमी खाली असतो, क्रँकमध्ये (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्यात) किंवा त्याच्या दोन टोकांच्या सीलमध्ये. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (क्रँकची पेटी) म्हणजे पंपच. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे येतं, दाबलं जातं आणि मग वर जातं. तो पंप गळका असेल तर वरचा बोअर-पिस्टन कितीही उत्तम असला तरी मरणार.

यामाहाची मूळ आरडी ३५० १९७३ ते १९७५ या काळातली, ३९ हॉर्सपॉवरची. भारतात एस्कॉर्ट्सनं ती १९८३ पासून ‘राजदूत ३५०’ नावानं काढली. आधीची हाय टॉर्क ३०.५ हॉर्सपॉवरची, नंतरची लो टॉर्क २७ ची. इंजिन तेच: ३४७ सीसी, ६४ मि.मी. बोअर, ५४ मि.मी. स्ट्रोक, दोन सिलिंडर, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत येऊ देणाऱ्या पाकळ्या), सहा गिअर. म्हणून खाली दिलेलं काम दोन्हींना लागू पडतं.

इंजिन फ्रेममध्ये असतानाच दोन नट ढिले करून ठेवा. पुढच्या स्प्रॉकेटचा नट चेन चढलेली असताना, मागचा ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगून. क्लच सेंटरचा नट गाडी गिअरमध्ये टाकून, तसाच ब्रेक धरून. इंजिन टेबलावर आलं की हेच नट दुप्पट त्रास देतात. कव्हरांचे क्रॉस स्क्रू जपानी घडणीचे आहेत. साधा फिलिप्स पेचकस त्यांच्या खाचेत पुरता बसत नाही आणि डोकी खाऊन टाकतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा आणि परत बांधताना सगळीकडे अ‍ॅलन बोल्ट लावा. डाव्या बाजूचा रोटर पुलरनंच काढायचा. क्रँकच्या टोकावर हातोडीचा एक घावही क्रँक वाकवायला पुरतो.

आता पिस्टन बाहेर काढून पुसायच्या आधी नीट बघा. इंजिन कशानं गेलं ते तिथेच लिहिलेलं असतं. स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भिंतीवर) चार कोपऱ्यांत, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना उभे चट्टे असतील तर बोअर घट्ट होता किंवा गार इंजिनाला जोरात रेस दिली गेली. चट्टे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, म्हणजे हवा कुठून तरी खेचली जात होती किंवा जेट (कार्बोरेटरचं पेट्रोलचं भोक) छोटा होता. माथ्याच्या मधोमध भोक म्हणजे अति गरम प्लग किंवा पुढे गेलेलं टायमिंग. माथ्याच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखं दिसलं तर डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट. दोन पिस्टनमध्ये एकच खराब असेल तर तो डावा आहे की उजवा, हे लिहून ठेवा. सीलचं निदान त्यावरूनच होतं.

डाव्या टोकाचं सील रोटरच्या बाजूला, कोरड्या जागेत असतं. ते कडक झालं की बाहेरची हवा आत येते, डावा सिलिंडर पातळ मिश्रणावर चालतो आणि पकडतो. आयडलिंग वर चढून राहणं, रेस सोडल्यावर इंजिन उशिरा खाली येणं ही त्याची खूण. उजवं सील क्लचच्या बाजूला, गिअर ऑइलमध्ये असतं. ते गेलं की गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं, उजवा सायलेन्सर दाट पांढरा धूर सोडतो, प्लग ओला राहतो आणि गिअर ऑइल दर थोड्या दिवसांनी कमी भरतं. गॅरेजमध्ये हा धूर बघून ‘रिंगा गेल्या’ असं सांगतात. रिंगा बदलून तो धूर जात नाही.

क्रँककेस आडव्या उघडतात. खालची केस काढली की क्रँक आणि गिअरबॉक्स वरच्या केसमध्ये पडलेले दिसतात. दोन्ही केस कारखान्यात एकत्र जोडूनच बेअरिंगची घरं कापलेली असतात, म्हणून एका इंजिनाची वरची आणि दुसऱ्याची खालची अशी जोडी कधीच लावायची नाही. इंजिन नंबरही केसवरच आहे, त्यामुळे केस बदलली तर कागदपत्रांची अडचण वेगळी.

क्रँकची तपासणी अशी. कनेक्टिंग रॉड उभा धरून वरचं टोक क्रँकच्या दिशेनं डावीकडे-उजवीकडे हलवा आणि डायल गेजनं मोजा. नव्या बिग एंडला (रॉडच्या खालच्या जोडाला) ही हालचाल ०.८ ते १.० मि.मी. असते. २ मि.मी.च्या वर गेली की रॉड किट बदलायचं. वर-खाली जरासाही टकटक असा खेळ जाणवला तर मोजायचीही गरज नाही. मग क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवा. रनआउट (फिरताना दिसणारं डुलणं) ०.०३ मि.मी.च्या आत हवा. हा क्रँक तुकडे प्रेसनं एकमेकांत दाबून बनवलेला आहे, त्यामुळे रॉड किट बदलणं हे घरचं काम नाही. ते ज्याच्याकडे प्रेस, व्ही-ब्लॉक आणि दोन डायल गेज आहेत त्यालाच द्या आणि परत घेताना रनआउट तुमच्यासमोर दाखवायला सांगा. ‘बसवून दिलाय, चालेल’ हे उत्तर चालत नाही. मेन बेअरिंग चार आहेत, चारही बदला. दोन्ही सिलिंडरांच्या मध्ये लॅबिरिंथ सील असतं, धातूचं, खाचांचं. तेही क्रँक उघडलेला असतानाच निघतं, म्हणून त्याच्यावर घासल्याच्या रेघा असतील तर त्याच वेळी बदलून घ्या.

केस बंद करताना प्रत्येक मेन बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवरची पिन केसमधल्या तिच्या खाचेत बसली आहे का, ते एकेक करून बोटानं फिरवून बघा. पिन बाहेर राहून केस आवळली तर बेअरिंगचं घर फुटतं आणि ती केस गेली. सील बसवण्याआधी ओठांवर ग्रीस, बाहेरच्या कडेला सीलंटचा अगदी पातळ थर. केसच्या जोडात कागदी पॅकिंग नसतं, फक्त न वाळणारं लिक्विड पॅकिंग. तेही बोटानं पसरून पुसल्यासारखं लावायचं. जाड लावलेलं पॅकिंग आत पिळून निघतं आणि बेअरिंगची ऑइलची भोकं बुजवतं. बोल्ट मधून बाहेर, उलटसुलट क्रमानं, दोन टप्प्यांत आवळा. आवळल्यावर क्रँक दोन बोटांनी फिरला पाहिजे.

बोअरिंगला ब्लॉक देताना पिस्टन सोबत द्या. पिस्टन आधी, बोअर नंतर, असाच क्रम. स्टँडर्ड ६४.०० मि.मी., पुढे ०.२५ च्या पायरीनं ओव्हरसाइज मिळतात. पुण्यात नाना पेठेत आरडीचे पिस्टन अजून शोधून सापडतात, पण डबा जुना आणि आतला माल वेगळा असं होतं, म्हणून दोन्ही पिस्टन मायक्रोमीटरनं स्वतः मोजा. स्कर्टच्या खालच्या कडेपासून १० मि.मी. वर, पिनला काटकोनात. रस्त्यावरच्या गाडीसाठी ०.०५ मि.मी. क्लिअरन्स ठेवायला सांगा. बोअर वर-खाली ०.०५ पेक्षा जास्त निमुळता किंवा ०.०१ पेक्षा जास्त लंबगोल नको.

आणि बोअरिंगनंतरची एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे राहून जाते: पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा. ताज्या बोअरमध्ये बोट घालून एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेवरून फिरवा. ती पात्यासारखी लागते. रिंग दर फेरीला त्या खिडकीत किंचित बाहेर फुगते आणि त्याच कडेवर आपटते. बारीक कानस आणि नंतर एमरी पेपरनं सगळ्या पोर्टच्या वरच्या-खालच्या कडा गोलसर करा, बोटाला काहीच अडकणार नाही इतक्या. अर्ध्या तासाचं काम आहे. ते टाळलं की रिंगचा तुकडा पडतो आणि बोअर, पिस्टन, हेड तिन्ही जातात. मग ब्लॉक गरम पाणी आणि साबणाच्या पावडरीनं ब्रशनं धुवा. रॉकेलनं होनिंगची वाळू निघत नाही, नुसती पसरते. पांढरं फडकं आत फिरवून पांढरंच बाहेर आलं की थांबा आणि लगेच ऑइल लावा, नाहीतर दहा मिनिटांत गंज धरतो.

रिंग एकटी बोअरमध्ये साधारण २० मि.मी. खाली सरळ ढकलून तिची फट मोजा, ०.३ ते ०.५ मि.मी. पिस्टनचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची टोकं तिच्या खाचेतल्या छोट्या पिनच्या दोन बाजूंना, आणि गजन पिनच्या सर्क्लिप (पिन अडवून धरणाऱ्या कड्या) नव्याच. जुनी सर्क्लिप परत वापरून वाचवलेले पैसे म्हणजे पुढच्या बोअरिंगचा खर्च.

आता गळतीची परीक्षा. सायलेन्सर आणि कार्बोरेटर लावायच्या आधी एक्झॉस्ट पोर्टवर रबर शीट ठेवून वर पत्र्याची पट्टी आवळा. इनटेकच्या दोन्ही रबरांत बूच बसवा, त्यांतून नळ्या काढून टी जोडा आणि दुसऱ्या टोकाला ब्लड प्रेशर मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल. प्लग घट्ट हवेत. काटा २५० मि.मी. पाऱ्यापर्यंत चढवा, म्हणजे साधारण पाच पीएसआय. चांगल्या बांधलेल्या इंजिनात काटा जागचा हलताना दिसत नाही. मिनिटाला ५० च्या वर पडत असेल तर इंजिन सुरू करायचं नाही. साबणाचा फेस ब्लॉकच्या तळाशी, रीड ब्लॉकच्या पॅकिंगवर, केसच्या जोडावर, डाव्या सीलभोवती लावा आणि बुडबुडा शोधा. कुठेच दिसत नसेल तर गिअरबॉक्सच्या श्वासनळीच्या तोंडावर फेसाचा पडदा धरा. तो फुगला तर हवा उजव्या सीलमधून गिअरबॉक्समध्ये जाते आहे. गाडी जगणार की नाही ते इथेच कळतं.

ऑटोल्यूब पंप (इंजिनाला टू-स्ट्रोक ऑइल पुरवणारा पंप) खोलायची भीती वाटते म्हणून अनेक जण तो काढूनच टाकतात. पंप चांगला आहे, ठेवा. थ्रॉटल बंद असताना पंपाचा किमान स्ट्रोक फिलर गेजनं ०.२० ते ०.२५ मि.मी. भरला पाहिजे. शिम बदलून तो जुळतो. केबल थ्रॉटलबरोबर खुणेवर येते का बघा. नळीतले हवेचे बुडबुडे ब्लीड स्क्रूतून पूर्ण काढा. हवेचा एक गोळा अडकला तर काही मिनिटं एका सिलिंडरला ऑइलच मिळत नाही. म्हणून पहिल्या टाकीत पंप चालू असूनही पेट्रोलमध्ये लिटरला २० मि.लि. टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइल टाका. ऑइल जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं. गिअरबॉक्समध्ये १०डब्ल्यू-३०, सुमारे १.६ लिटर. कारचं ऑइल नको, क्लच घसरतो.

टायमिंगसाठी पॉइंटची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांची) फट ०.३ ते ०.४ मि.मी., मग प्लगच्या भोकात डायल गेज लावून पिस्टन वरच्या टोकाच्या २.० मि.मी. आधी असताना पॉइंट उघडला पाहिजे. दोन्ही सिलिंडर वेगवेगळे लावायचे. आधी एक, मग दुसरा. ठिणगी बॅटरीवर चालते, त्यामुळे मेलेली बॅटरी आणि खराब अर्थिंग हे आरडीत ‘कार्बोरेटरचे’ आजार दाखवतात.

बदल करायचेच असतील तर पहिला पैसा इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर घाला. पॉइंट झिजले की टायमिंग सरकतं आणि दोन सिलिंडरांत फरक पडतो, तो प्रश्नच संपतो. दुसरा रीडच्या पाकळ्यांवर. जुन्या स्टीलच्या पाकळीला तडा गेला तर तुकडा थेट इंजिनात जातो. फायबरची पाकळी तुटली तरी नुकसान कमी. पाकळी आणि बैठकीत ०.३ मि.मी. पेक्षा जास्त फट दिसली तर बदला. एक्सपान्शन चेंबर (ताकद वाढवणारे फुगीर सायलेन्सर) नंतरची गोष्ट. ते लावले की मेन जेट वाढवावाच लागतो, आणि तो मोठ्याकडून छोट्याकडे उतरत शोधायचा, उलट कधीच नाही. मूळ रचनेतल्या बदलांना मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची मर्यादा आहे, तीही आधी बघा.

आजच्या ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचा हिशेब मात्र स्टॉक गाडीलाही चुकत नाही. शुद्ध पेट्रोलला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. पुस्तकातल्या मेन जेटपेक्षा एक-दोन नंबर वरून सुरुवात करा. पेट्रोल कॉकचे वॉशर, पाइप आणि फ्लोट बाउलची पॅकिंग इथेनॉल सोसणारी घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाउल रिकामे करून ठेवा.

ब्रेकबद्दल एक वाक्य पुरत नाही, पण सगळ्यात स्वस्त सुधारणा सांगतो. राजदूतच्या पुढच्या ड्रमच्या दोन लिव्हरांना जोडणारी दांडी ढिली करा, दोन्ही शू एकाच क्षणी ड्रमला टेकतील अशी लांबी जुळवा आणि लॉकनट आवळा. भारतातल्या बहुतेक आरडींत एकच शू काम करत असतो.

पहिल्यांदा सुरू करून पाच मिनिटं आयडलिंगपेक्षा थोड्या वर चालवा, पूर्ण गार होऊ द्या. असं तीनदा. तिसऱ्या वेळी गार इंजिनावरच हेडचे नट परत आवळा. पहिले ५०० किलोमीटर ४,००० आरपीएमच्या आत, पण एकाच वेगावर लांब नाही. आणि ताम्हिणी किंवा कात्रज उतरताना थ्रॉटल बंद करून इंजिन ब्रेकिंगवर सोडू नका. थ्रॉटल मिटला की पंप किमान ऑइल देतो आणि चाक मात्र इंजिन जोरात फिरवत असतं. क्लच दाबा किंवा दर थोड्या वेळानं थ्रॉटल जरा उघडा. ५०० ला प्लग काढून बघा. बी८एचएस प्लगचं टोक दोन्हीकडे सारखं तपकिरी हवं. एक पांढरा आणि एक तपकिरी निघाला तर बीपीचं यंत्र परत बाहेर काढा.