नवऱ्याचं मूळ गाव शोधताना: स्मिथ आडनावाने माझी काढलेली परीक्षा

आमच्या काकांनी रिटायर झाल्यावर कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं मनावर घेतलंय. यावेळी माहेरवाशिणींची पण पानं असणार म्हणून मला इकडे मँचेस्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म आला, जावयाचं आडनाव, शिक्षण, मूळ गाव वगैरे. मी आडनाव स्मिथ, गाव लिव्हरपूल असं टाकून दिलं पाठवून. दहा मिनिटांत काकांचा फोन. "अगं लिव्हरपूल हे राहायचं गाव झालं, मी मूळ गाव विचारलंय. आडनावावरून नाही का कळत?"

आता आपल्याकडे 'कर' असलं की निम्मं काम झालेलं असतं. स्मिथचं तसं नाही, ते आपल्या कुलकर्णीसारखं आहे, म्हणजे काम सांगतं, गाव नाही. स्मिथ म्हणजे लोहार. इंग्लंडमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास आडनावं पक्की होत गेली तेव्हा जवळजवळ प्रत्येक गावात एक लोहार होता, त्याच्या पोरांना तेच चिकटलं, आणि म्हणून दोन स्मिथ एकमेकांचे कोणी लागतीलच असं नाही. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरं, मग कुठल्या गावचे कुलकर्णी ते शोध." झालं. पुढचे सात-आठ महिने माझे शनिवार-रविवार यात गेले.

ज्यांना इकडच्या सासरची वंशावळ काढायचीये त्यांच्यासाठी सांगते, उलटं जायचं, आपल्याकडून मागे. सुरुवातीला सोपं गेलं. नवऱ्याच्या आजोबांचा दाखला घरातच होता. पणजोबा १९३९ च्या रजिस्टरमध्ये सापडले, हे रजिस्टर म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबर १९३९ ला ओळखपत्रांसाठी सगळ्या देशाची नोंद घेतली ते, त्यात पूर्ण जन्मतारीख असते, फार कामाची गोष्ट. १९३१ ची जनगणना शोधू नका, ती १९४२ मध्ये आगीत जळली. पणजोबांच्या लग्नाचा दाखला मागवला, त्यात वडिलांचा धंदा 'पोर्क बुचर', म्हणजे डुकराचं मांस विकणारा खाटीक. आईचं नाव नाही. इंग्लंडमध्ये लग्नाच्या दाखल्यावर आईचं नाव यायला २०२१ साल उजाडावं लागलं, आणि हे लोक आपल्याला सुधारणा शिकवणार!

मग गाडी अडली ती अडलीच. जन्मतारीख हातात, गाव हातात, पण त्या तारखेला त्या नावाचा स्मिथ लिव्हरपूलमध्ये जन्मलाच नव्हता. म्हणजे स्मिथ ढिगाने जन्मले होते, आमचा सोडून. मी स्मिथ, स्मायथ, वायवाला, ईवाला सगळं टाकून पाहिलं, दोन चुकीचे दाखले पैसे भरून मागवले, नवरा म्हणाला सोड ना, लिही काहीतरी, बर्मिंगहॅम लिही.

सुटलं ते आतेसासूबाईंमुळे. त्या नव्वदीच्या, त्यांना ख्रिसमसला भेटायला गेलो तेव्हा सहज विषय निघाला तर म्हणाल्या, आमच्या आजोबांच्या दुकानाच्या काचा लोकांनी फोडल्या होत्या म्हणे, लुसिटेनिया बुडाली तेव्हा. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. लुसिटेनिया ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीने आयर्लंडजवळ बुडवली, बाराशेच्या आसपास माणसं गेली, बोटीवरचे खलाशी बरेचसे लिव्हरपूलचेच, आणि त्यानंतर तिथे जर्मन लोकांच्या दुकानांवर जमाव तुटून पडला. पण स्मिथच्या दुकानावर कोण कशाला दगड मारेल?

घरी येऊन स्मिथच्या जागी श्मिट टाकलं, म्हणजे जर्मन भाषेतला लोहार. एक निकाल. एकच. तारीख, वॉर्ड सगळं जुळत होतं.

१९११ च्या जनगणनेचे फॉर्म घरच्यांनी स्वतः भरलेले तसेच जपून ठेवलेत, त्यामुळे खापरपणजोबांचं अक्षर बघायला मिळालं, शेवटी तिरकी सही, श्मिट. त्या वर्षी लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, किती हयात आहेत असं पण विचारलं होतं. सात झाली, पाच हयात. त्या दोन आकड्यांवर मी बराच वेळ अडकले. १९२१ च्या फॉर्ममध्ये तेच अक्षर, तोच धंदा, सही मात्र स्मिथ.

बदलाचा कागद काही मिळाला नाही, आणि मिळायलाच पाहिजे असं नाही कारण इंग्लंडच्या कायद्यात नवीन नाव सरळ वापरायला लागलं तरी चालतं. फक्त युद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना नाव बदलायला बंदी आली होती, मग यांनी कसं बदललं? ते आधीच ब्रिटिश नागरिक झालेले होते. तो नागरिकत्वाचा दाखला लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये मिळाला आणि त्यात जन्मगाव होतं, कुन्झेल्साऊ! दक्षिण जर्मनीतला होहेनलोहे भाग. तिथून एकोणिसाव्या शतकात इतके खाटीक उत्तर इंग्लंडमध्ये आले की गावोगावी त्यांची दुकानं होती, एकजण आला की भाच्याला बोलवायचा, आपल्या उडुपी हॉटेलांसारखं.

आणि यात लाजण्यासारखं काही नाही, खुद्द राजघराण्याने १९१७ मध्ये जर्मन नाव टाकून विंडसर घेतलं. बॅटनबर्गचे माउंटबॅटन तेव्हाच झाले, 'बर्ग'चं 'माउंट' करून, आपले शेवटचे व्हाइसरॉय ते हेच.

आता मला सगळीकडे लोहारच दिसतात. ऑफिसमधला पोलिश कोवाल्स्की लोहार, हंगेरीचे कोवाच लोहार, रशियाचे कुझनेत्सोव्ह, लेबनॉनचे हद्दाद, फ्रेंच लफेव्हर, सगळे लोहार. म्हापशाची माझी मैत्रीण फरेरा, तिच्या आडनावात पण पोर्तुगीज लोखंड आहेच, तिला सांगितलं तर म्हणे आमच्याकडे पाद्रीने दिलं ते घेतलं, लोखंडाचा संबंध फक्त तव्यापुरता.

काकांना सगळं फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे आडनाव लोहाराचं, हातात सुरा. बरं, ते गावाचं नाव सावकाश सांग, मी लिहून घेतो." चार वेळा सांगितलं. प्रूफ आलं त्यात छापलंय: मूळ गाव कुन्झेल्सावे, तालुका होहेनलोहे.