आवडता चित्रपट: आधी मोजणी ठरवा, मग भांडा

रविवार, नौपाडा, ठाणे

येत्या शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ‘सर्वांत आवडता चित्रपट’ ठरवायचा घाट घातलाय. अकरा जणांनी नावं दिलीत. वाद होणारच, तो व्हायलाच हवा. पण अशा वादात गाडी दरवेळी ठरावीक जागीच रुळावरून घसरते. त्या जागा आज टिपून ठेवलेल्या बऱ्या.

पहिली जागा म्हणजे खुद्द प्रश्न. ‘आवडता’ आणि ‘थोर’ यांत फरक आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) कितव्यांदाही लागला तरी लोक चॅनल बदलत नाहीत. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला (१९३६) १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाद मिळाली. दोन्ही एकाच कागदावर लिहायला सांगितले की निम्मी मंडळी मनापासून लिहितात आणि निम्मी लाजेकाजेस्तव. म्हणून प्रश्न एकच ठेवायचा: आज रात्री लावला, तर मध्ये मोबाइल हातात न घेता शेवटपर्यंत कोणता बघाल? ‘थोर’ची यादी हवी असेल तर ती वेगळ्या दिवशी करावी.

दुसरी जागा आवाजाची. हॉलमध्ये पहिला माणूस खणखणीत बोलला की पुढचे तीन-चार जण आपली यादी मनातल्या मनात खोडतात. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येकाने पाच नावं क्रमाने लिहून शुक्रवारी रात्रीपर्यंत एकाच माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवायची. ग्रुपवर टाकायची नाहीत, नाहीतर सगळं मुसळ केरात. हॉलमध्ये प्रत्येकाने एकाच चित्रपटाची बाजू मांडायची: तीन मिनिटं बोलणं, दोन मिनिटं हरकती. अकरा जणांची पंचावन्न मिनिटं होतात. आठला सुरू केलं तर चहा धरून साडेनऊला मोकळे. बोलताना एक प्रसंग नेमका सांगायचा, ही अट घालावी. ‘श्वास’ (२००४) ‘खूप हृदयस्पर्शी आहे’ असं म्हणणाऱ्याशी वाद घालताच येत नाही. पण शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी जाणार म्हणून आजोबा त्याला आधी हॉस्पिटलबाहेर घेऊन जातात, तो भाग लांबला का, असं विचारलं की हॉलमध्ये लगेच दोन तट पडतात.

आता खरी गोम. निकाल चित्रपटांपेक्षा मोजणीवर ठरतो, आणि हे बहुतेकांच्या गावी नसतं. समजा तीनच चित्रपट उरले: ‘बनवाबनवी’, ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘श्वास’. पाच जणांचा क्रम बनवाबनवी, श्वास, सिंहासन. चौघांचा सिंहासन, श्वास, बनवाबनवी. उरलेल्या दोघांचा श्वास, सिंहासन, बनवाबनवी. फक्त पहिली पसंती मोजली तर बनवाबनवी पाच मतांनी जिंकला. सर्वांत कमी मतांचा चित्रपट बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला दिली, तर श्वास बाहेर पडतो, त्याची दोन मतं सिंहासनकडे जातात आणि सिंहासन सहा विरुद्ध पाच असा जिंकतो. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ गुण दिले तर श्वासला २४ मिळतात, बाकी दोघांना प्रत्येकी २१. कागद तेच, माणसं तीच आणि विजेते तीन! ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट यातल्या दुसऱ्या, म्हणजे बाद करत जाण्याच्या पद्धतीने निवडतात.

आपल्या हॉलसाठी गुणांची पद्धत बरी. पाच नावं आहेत, म्हणून ५-४-३-२-१. फक्त पहिली पसंती मोजण्यात आणखी एक घोळ होतो: एकाच जातकुळीचे चित्रपट एकमेकांची मतं खातात. जब्बार पटेलांचे चाहते ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ यांत विभागले जातात. विनोदीवाले ‘धूमधडाका’, ‘गंमत जंमत’ आणि ‘बनवाबनवी’त वाटले जातात. मग भलताच चित्रपट मधून निसटून वर जातो. गुणांच्या पद्धतीलाही खोड आहेच. वरचढ दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम यादीबाहेर ठेवायचं, ही चलाखी चालते. यादी आधी आणि गुपचूप मागवली की ती बरीच कमी होते, कारण प्रतिस्पर्धी कोण हेच ठाऊक नसतं.

न पाहिलेल्या चित्रपटाचं काय करायचं, हा पेच मात्र राहतो. क्रमाऐवजी दहापैकी गुण मागितले, ‘कोर्ट’ आपल्यातल्या दोघांनीच पाहिलाय आणि दोघांनी ९ गुण दिले, असं धरू. ‘सैराट’ (२०१६) अकराही जणांनी पाहिला, सरासरी ८. नुसत्या सरासरीत कोर्ट पूर्ण एका गुणाने पुढे जातो. इथे प्रत्येक चित्रपटाला तीन काल्पनिक मतं जोडायची, तीही सगळ्या चित्रपटांच्या सरासरीची, समजा ७ ची. कोर्ट: १८ अधिक २१ भागिले ५, म्हणजे ७.८०. सैराट: ८८ अधिक २१ भागिले १४, म्हणजे ७.७९. थोडक्या मतांवरचा भरवसा जेवढा हवा तेवढाच उरतो. आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळाने आपल्या पहिल्या २५० चित्रपटांसाठी जाहीर केलेलं सूत्र याच जातीचं होतं, फक्त तिथे मतं हजारोंनी जोडली जात.

मतदार बदलले की यादी बदलते, हेही आधीच सांगून टाकावं, म्हणजे नंतर कुणी रुसत नाही. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून प्रत्येकी दहा चित्रपट मागवतं. तिथे क्रम लागत नाही, प्रत्येक उल्लेखाला एक मत. ‘सिटिझन केन’ १९६२ ते २००२ सलग पहिला होता. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ आला. २०२२ मध्ये मतदार साडेआठशेच्या आसपासवरून सोळाशेच्या वर गेले आणि शांताल आकेरमान यांचा ‘जान दिएलमान’ (१९७५) पहिला आला. तो आधीच्या यादीत पहिल्या तिसांतही नव्हता. चित्रपट काही दहा वर्षांत सुधारला नव्हता.

शेवटची जागा सर्वांत फसवी: दोघं एकाच चित्रपटावर भांडतात आणि त्यांनी पाहिलेले असतात दोन वेगळे. ‘शोले’ (१९७५) मध्ये शेवटी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. हा शेवट आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदलावा लागला. उंचीच्या २.३५ पट रुंद असलेला सिनेमास्कोप चित्रपट जुन्या चौकोनी टीव्हीवर पडदा भरून दाखवला की जवळपास ४३ टक्के चित्र दोन्ही बाजूंनी कापलं जातं. कडेला उभं असलेलं पात्र मग नुसतं आवाजाने हजर. आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडींवर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ च्या वेगाने धावतो. अडीच तासांचा खेळ सहा मिनिटं आधी संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित चढे लागतात. म्हणून बाजू मांडण्याआधी प्रत्येकाने थिएटर, टीव्ही, डीव्हीडी की मोबाइल, एवढं एका शब्दात सांगावं. आता ठाण्यात ‘वंदना’ म्हटलं की रिक्षावाला एसटीच्या डेपोपाशी सोडतो, जुनं वंदना टॉकीज आठवणारे आपल्यात ज्येष्ठच. त्यांची ‘थिएटर’ची साक्ष वजनदार धरायला हरकत नाही.

जिंकलेला चित्रपट पुढच्या शनिवारी हॉलमधल्या टीव्हीवर लावायचाय. त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारं फीचर बंद करायचं. सोनीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन. ते चालू राहिलं की टीव्ही फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाच्या फ्रेम घालतो आणि ‘सिंहासन’सुद्धा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो. गुण समान झाले तर ज्याला पहिल्या पसंतीची मतं जास्त तो वर, आणि तीही सारखी असतील तर कमी लांबीचा, कारण दहाच्या पुढे हॉलमध्ये आवाज चालत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या याद्या निकालानंतर पुसायच्या नाहीत. दुसऱ्या पद्धतीने मोजून दाखवा, असं कुणीतरी म्हणणारच.